नोंद बाद

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "ताईच्या सामानाचं काय केलंस?" आणि मी विषय बदलला. बाकी सगळं मार्गी लागलं रे, तिच्या निरीक्षणांच्या वह्यांपाशी अडलो.

तिचा आकाशाचा नाद तुला माहीत आहेच. शनीची कडी पहिल्यांदा दिसली तेव्हा आपण दोघांनी आरडाओरडा केला होता आणि दुर्बीण हलली म्हणून तिने दोघांनाही झापलं होतं. त्या दुर्बिणीचा सहा इंची आरसा तिने स्वतः घासलेला. पिंपाभोवती फिरत फिरत, काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची, म्हणजे काच झिजवणारी कडक पूड आणि पाणी. आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक. सुरुवातीला नुसती करकर, शेवटी जेमतेम सळसळ. पूड बदलताना आधीचा एखादा कण राहिला की ओरखडा पडतो. तसा एकदा पडलाच (माझ्या न धुतलेल्या हातांमुळे, हा तिचा कायमचा संशय), आणि ती निमूट दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा घासायला लागली. काचेचा आकार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंत नीट आणायचा, तोही हाताने! मला हे निव्वळ वेड वाटायचं.

पण वह्यांत शनी जवळपास नाहीच. १९८६ चा हॅलेचा धूमकेतू एका ओळीत उरकलाय : "पुसट डाग. शेपटी दिसली नाही." मी तेव्हा चित्रात लांबलचक शेपटी काढून सगळ्यांना दाखवत फिरलो होतो.

वह्या भरल्यात त्या रूपविकारी ताऱ्यांनी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांनी. त्यात लाडका ययाती तारकासमूहातला अल्गॉल. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा मंद सोबती त्याच्या पुढून जातो, म्हणजे त्याला ग्रहण लागतं, आणि २.१ प्रतीचा तारा ३.४ पर्यंत उतरतो (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद). कुणीतरी त्याच्या पुढून जात असावं, ही कल्पना १७८३ साली जॉन गुडरिकने मांडली. अठरा वर्षांचा पोरगा, कानांनी ऐकू न येणारा. ही गोष्ट ताईने मला किती वेळा सांगितली असेल!

पद्धत सोपी. जवळचे दोन स्थिर तारे घ्यायचे, एक जरा जास्त तेजस्वी, एक जरा कमी, आणि आपला तारा त्यांच्यामध्ये कुठे बसतो ते ठरवायचं. शेजारीच असलेला ऱ्हो नावाचा तारा मात्र घ्यायचा नाही, कारण तो स्वतःच कमीजास्त होतो. "ज्याचं वजन बदलतं ते माप तराजूत कशाला घालतोस?" असं म्हणायची.

एका वहीत माझी नोंद सापडली. अल्गॉल, ३.४, माझ्याच अक्षरात. त्यावर आडवी रेघ आणि खाली ताईचं अक्षर : "याने ग्रहणाची वेळ आधी पाहिली होती. नोंद बाद." इतक्या वर्षांनी पुन्हा कान पिळल्यासारखं झालं. त्या रात्री मी खरंच ग्रहणांच्या वेळांचं कोष्टक पाहून वर गेलो होतो.

२०२० च्या फेब्रुवारीत मृगातला काक्षी तारा इतका मंदावला की आता त्याचा स्फोट होणार असं जो तो म्हणत होता. ताईच्या वहीत स्फोटाबद्दल चकार शब्द नाही. "१.६." खाली, "पुन्हा पाहिलं. १.६." बस.

शेवटच्या वहीचं शेवटचं पान मी तीनदा वाचलं. "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्यातही सुरुवात. माझ्या नोंदींवर आता भरवसा ठेवता येणार नाही. थांबते." आपल्याला ती सांगायची, थंडी सोसत नाही म्हणून गच्चीवर जात नाही. आणि आपण ते खरं मानलं.

काल रात्री मी वर गेलो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत अर्धा तास नुसता बसलो. ययाती चांगला वर आला होता. अल्गॉल मला जवळच्या एप्सिलॉन ताऱ्याच्या बरोबरीचा वाटला, म्हणून २.९ लिहिलं, तिच्या वहीत, तिच्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ सोडून. वेळ रात्रीचे ९ वाजून ४० मिनिटं. कोष्टक उघडलेलं नाही, शपथ.

तू तेवढं बघ, काल ग्रहण होतं का ते. नव्हतं असं निघालं तरी मला कळव. २.९ खोडणार नाही.

तुझाच