सेल पॅरललमध्ये जोडण्याआधी मीटर लावा

सर्व सभासदांना कळकळीची विनंती. रविवारी विश्रामबागला येताना जुन्या लॅपटॉप बॅटरीतले १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब असे गोल लिथियम-आयन सेल) आणणार असाल, तर प्रत्येकाचं व्होल्टेज आधी मीटरवर बघा. मागच्या वेळी ४.१ व्होल्टचा सेल ३.५ च्या सेलला थेट पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडला गेला आणि जोडणारी निकेलची पट्टी चटका बसेल इतकी तापली. फरक ०.६ व्होल्टचाच, पण दोन्ही सेलचा अंतर्गत रोध मिळून ०.१ ओहम धरला, तरी सहा अँपिअर एकातून दुसऱ्यात धावतात. म्हणून प्रत्येक सेल सुटा ४.२ पर्यंत चार्ज करा, फरक ०.०५ च्या आत असेल तरच जोडा. असे जोडल्यावर पुढे सगळ्यांना मिळून एकच टीपी४०५६ (लिथियम सेल चार्ज करणारा छोटा बोर्ड) पुरतो, वेळ तेवढा जास्त लागतो. अडीच व्होल्टखाली गेलेले सेल कृपया आणूच नका.