कांदा मार्केट, गुप्तधन आणि आपला एमडी

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या आठवड्यात नातवाच्या कॉलेजात ड्रग्ज आणि डार्क वेबवर (इंटरनेटचा लपलेला भाग, साध्या ब्राउझरने उघडत नाही) लेक्चर होतं. मुलगा-सून दोघंही ड्युटीवर, म्हणून पालक म्हणून मीच जाऊन बसलो. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, सिल्क रोड नावाचं तिथलं ड्रग्जचं मार्केट २०११ ला चालू झालं २०१३ ला बंद पडलं, मग तसलंच अल्फाबे २०१७ ला बंद पडलं, संपलं लेक्चर. जणू डार्क वेब म्हणजे एकच मोठी मंडई आणि जगातले सगळे पिशवी घेऊन तिथेच जातात. मी अख्खी नोकरी पोस्टात काढली, त्यातली बरीच वर्षं सॉर्टिंगला, त्यामुळे घरी येऊन वाचत बसलो तर मला ह्यात सगळीकडे पोस्टच दिसायला लागलं.

म्हणजे बघा, इंग्रजी आणि जर्मन बाजार चालले ते पार्सलवर. लाइपझिगला २०१५ मध्ये विशीतला एक पोरगा पकडला, आईबापाच्या घरात राहायचा आणि स्वतःच्या खोलीतून माल विकायचा, ३२० किलो सापडला म्हणे, आणि गिऱ्हाइकाला सगळं पोस्टाने घरपोच. तिकडचं पार्सल वेळेवर पोचतं म्हणून हे जमलं, दुसरं काय.

रशियात लोकांचा पोस्टावर तेवढा भरवसा नाही, तर तिथे धंद्याने पोस्टमनलाच काढून टाकलं! हायड्रा नावाचं रशियन भाषेतलं मार्केट होतं, १ कोटी ७० लाख गिऱ्हाइकांची खाती आणि १९ हजाराच्या वर विक्रेते, सर्व्हर जर्मनीत निघाले म्हणून जर्मन पोलिसांनी एप्रिल २०२२ मध्ये बंद केलं. तिथली पद्धत अशी की माणूस पुडी आधीच शहरात कुठेतरी लपवून यायचा, बागेत मातीत वगैरे, आणि पैसे भरले की गिऱ्हाइकाला फोटो आणि लोकेशन. ह्याला ते क्लाद म्हणतात, म्हणजे पुरलेला खजिना. आपल्याकडे अमावस्येला लोक गुप्तधन शोधायला जातात तसंच, फक्त मांत्रिकाच्या जागी मोबाईल.

फिनलंडची तर अजून गंमत. सिपुलीमार्केट म्हणून होतं, सगळं फिनिश भाषेत, देशातल्या देशात, २०२० च्या डिसेंबरात तिकडच्या कस्टमने बंद केलं. सिपुली म्हणजे कांदा. (डार्क वेबला जे टॉर नावाचं सॉफ्टवेअर लागतं त्याच्या पूर्ण नावातच, द अनियन राउटर, कांदा आहे.) आम्हा नाशिकवाल्यांना कांदा मार्केट म्हटलं की लासलगाव, मी एकटाच हसलो. पण ५५ लाख लोकांची भाषा, बाहेरचा कोण तिथे जाऊन भाव करणार, भाषाच कुंपण.

आता आपलं. हायड्रावर जे मेफेड्रोन नावाचं नशेचं रसायन जोरात खपायचं तेच आपलं एमडी, पोरं म्याव म्याव म्हणतात ते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इथे नाशिकजवळ शिंदे गावात मुंबई पोलिसांनी त्याचा कारखाना पकडला, नंतर फेब्रुवारी २०२४ ला पुणे पोलिसांनी कुरकुंभचा. माल तोच, पण इथे ना क्लाद ना कांदा, इथे ओळखीतला पोरगा, फोन आणि बाईक. मराठीतलं असं मार्केट बंद केल्याची बातमी मी तरी वाचली नाही, आणि गरज तरी काय, माल जिथे बनतो तिथे गल्लीतच मिळतो. जे बाहेरून येतं त्याला मात्र डार्क वेब लागतं. जून २०२३ ला एनसीबीने (केंद्राचं अमली पदार्थविरोधी खातं) एलएसडी ह्या नशेच्या रसायनात भिजवलेले जवळजवळ १५ हजार कागद पकडले, पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान तुकडे, कायद्यात ०.१ ग्रॅमलाच व्यावसायिक मात्रा धरतात, आणि त्यातसुद्धा सुरुवात इन्स्टाग्रामवर, मग प्रायव्हेट चॅट, आणि मग डार्क वेब. ज्या नाशिक रोडला तिकिटं छापतात तिथे राहून हे वाचताना कसंतरीच वाटलं.

तर म्हणणं एवढंच की पोरांना टॉर काय ते नंतर सांगा, आधी इन्स्टावर कोण मेसेज करतं, कुठल्या नावाने विचारतं ते सांगा आणि मराठीत सांगा. मी शेवटी हात वर करून विचारलं पण, की इथल्या पोरांपर्यंत कसं पोचतं ते सांगा ना. तर लेक्चर देणारा म्हणाला, काका, पीपीटीत एवढंच आहे.

एक निवृत्त टपाल कर्मचारी, नाशिक रोड