राजीनामा खिशातच ठेव

सातारा,
रविवार

प्रिय मिलिंद,

तुझ्या कादंबरीची तीन प्रकरणं आणि पेपरातल्या नोकरीच्या राजीनाम्याचा मसुदा एकाच पाकिटातून आले. दोन्हींत मसुदा जास्त जमलाय, हे आधीच सांगून टाकतो. रागावू नकोस. मोकळेपणाने लिही असं तूच म्हणालास.

नोकरी सोडून कादंबरी लिहायची म्हणतोस आणि पत्रकार-कादंबरीकार अरुण साधूंचं उदाहरण देतोस, तर ते पुरतं दे. परतवाड्याचा हा माणूस ‘केसरी’त लागला. पुढे मुंबईत इंडियन एक्स्प्रेस, टाइम्स, स्टेट्समन अशा नोकऱ्या करत फ्री प्रेस जर्नलच्या संपादकपदापर्यंत गेला. ‘मुंबई दिनांक’ काय, १९७७ची ‘सिंहासन’ काय, दोन्ही कादंबऱ्या नोकरीत असतानाच लिहिल्या. बातम्या इंग्रजीत आणि कादंबरी मराठीत. माझ्या मते याचा त्यांना फायदाच झाला असणार, बातमीची भाषा ऑफिसातच राहिली. तुझं मात्र तसं नाही. दिवसभर मराठीत कॉपी खरडतोस आणि रात्री त्याच हाताने कादंबरी लिहायला बसतोस.

तुझं पहिलंच वाक्य बघ ना: ‘सहकारमंत्र्यांच्या पुतण्याने कारखान्याच्या निवडणुकीत सात मतांनी बाजी मारली.’ हा बातमीचा झकास इंट्रो आहे. कोण, कुठे, किती, सगळं आलं. डेस्कवरच्याने खालचे चार परिच्छेद उडवले तरी बातमी शाबूत राहील. मग मी पुढचं पान कशाला उलटू, सांग?

‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस आठव. आपण सिनेमात निळू फुल्यांना बघितलं म्हणून तोच चेहरा डोळ्यांपुढे येतो, पण कादंबरीतला दिगूही मुरलेला बातमीदार आहे. कोण कोणाला फोडतोय, कोणाच्या बंगल्यावर रात्री गाड्या लागतात, सगळं त्याला कळतं. छापून येतं त्यातलं थोडंच. उरलेलं साधूंनी कादंबरीत घातलं. आणि मुख्यमंत्री जिवाजीराव! धूर्त आहे, कावेबाज आहे, तरी त्याच्या खुर्चीवर टपलेल्या दाभाड्यांचे डाव चालू झाले की आपण मनातल्या मनात त्याचीच खुर्ची सांभाळायला लागतो. तुझ्या कादंबरीतला कारखान्याचा चेअरमन मात्र पहिल्या ओळीपासून नुसता चोर. तुझी बातमी मालकांनी अडवली त्याचा राग मला कळतो रे, पण रागावर दोन प्रकरणं निघतात, तिसऱ्यात तो आटलेला दिसतोय.

आता खरं विचारतो. त्या पत्रकार परिषदेनंतर उरलेली जेवणाची कुपनं चेअरमनने मोजून खिशात घातली, हे तू मला स्टँडवरच्या टपरीवर हसून हसून सांगितलं होतंस. कारखान्यावर कर्जाचा डोंगर, आणि साहेब कुपनं मोजतायत, एकदा चुकली म्हणून पुन्हा मोजतायत! बातमीत ते बसलं नाही, बरोबरच आहे. पण कादंबरीत तरी ते कुठंय? तिथे तर तू लेखापरीक्षण अहवालातले आकडे भरलेस.

मंत्रालय आणि राजकारण म्हणजेच मसाला, असंही समजू नकोस. साधूंचीच ‘झिपऱ्या’ वाच. मुंबईच्या स्टेशनांवर बूटपॉलिश करणारी पोरं आहेत त्यात, मंत्रीबिंत्री कोणी नाही. तुझ्या एसटी स्टँडवर अशी माणसं काय कमी आहेत? (साधू पुढे पुण्यात विद्यापीठात पत्रकारिता शिकवायला गेले, २००७ला नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तुला भाषणात सांगायला उपयोगी पडेल, लिहायला नाही.)

तर असं कर. चेअरमनच्या कुपनांपासून सुरुवात कर, निवडणुकीचा निकाल शेवटपर्यंत सांगू नकोस आणि पहिलं प्रकरण दिवाळीआधी मला पाठव. दिवाळी अंकांच्या घाईत असशील, तरी पाठव. राजीनाम्याचं त्यानंतर बघू.

वहिनींना नमस्कार. आणि तोवर प्रॉव्हिडंट फंडाला हात लावायचा नाही, हे त्यांनीही मला फोनवर बजावून सांगितलंय.

तुझा,
शेखर