प्रश्नावलीत न मावणारी डिमीटर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या नवरात्र पुरवणीतली ‘तुमच्यातली देवी कोणती?’ ही प्रश्नावली वाचली. नऊ रंगांच्या साड्यांच्या फोटोंबद्दल माझी तक्रार नाही, हौसेला मोल नसतं. पण चार खुणा करायला लावून ‘तुम्ही डिमीटर : मायाळू, घरासाठी झिजणाऱ्या’ असा शिक्का मारायचा आणि त्याला मानसशास्त्र म्हणायचं, हे काही पटलं नाही.

डिमीटर ही ग्रीकांची धान्याची देवी. तिची लेक पर्सेफोनी हिला पाताळाचा राजा हेडीस पळवून नेतो, तेही तिच्या बापाच्या, म्हणजे देवांचा राजा झ्यूस याच्या संमतीने. आईला कुणी विचारतसुद्धा नाही. ती हातात मशाली घेऊन, अन्नपाणी सोडून नऊ दिवस लेकीला शोधते. खरा प्रकार कळल्यावर म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिस या गावच्या विहिरीपाशी येऊन बसते आणि तिथल्या राजाच्या घरी तान्ह्या मुलाची दाई होते. त्या पोराला अमर करायचं म्हणून रोज रात्री त्याला विस्तवात ठेवते! पोराची आई ते पाहून किंचाळते, तेव्हा भडकून त्याला जमिनीवर टाकते. मग स्वतःच्या देवळात जाऊन बसते आणि वर्षभर शेतात एक कोंब फुटू देत नाही. माणसं उपाशी मरायला लागतात, देवांचे नैवेद्य बंद पडायची वेळ येते, तेव्हा कुठे झ्यूस नमतो. लेक परत येते. पण तिकडे डाळिंबाचा दाणा खाल्लेला असल्यामुळे वर्षाचा तिसरा हिस्सा तिला पाताळातच काढावा लागतो.

यात घरासाठी झिजणारी बाई मला तरी दिसली नाही. दिसली ती संपावर गेलेली.

झ्यूसची बायको हेरा, तिचंही तेच. प्रश्नावलीत ती ‘मत्सरी पत्नी’ म्हणून दोन ओळींत उरकली आहे. ग्रीसमधल्या ऑलिम्पियात तिचं देऊळ झ्यूसच्या देवळापेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी जुनं आहे आणि तिच्या नावाने तिथे दर चार वर्षांनी मुलींच्या धावण्याच्या शर्यती होत. हे बिचारीच्या वाट्याला आलंच नाही.

ग्रीक देवींवरून बायकांचे स्वभाव ओळखायची ही पद्धत लोकप्रिय झाली ती जीन शिनोडा बोलेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या १९८४ च्या पुस्तकामुळे. पण एकाच बाईत अनेक देवी नांदतात, वयानुसार त्यांचं पारडं वर-खाली होतं, हे बोलेनबाईंनीही सांगितलेलं आहे. आणि ज्याच्या आदिबंधांवर, म्हणजे सगळ्या माणसांच्या मनात मुळातच असलेल्या प्रतिमांच्या कल्पनेवर, हे सगळं उभं आहे, तो स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग १९३८ च्या व्याख्यानात आईच्या आदिबंधाविषयी बोलताना सांख्य तत्त्वज्ञानातली प्रकृती आणि तिचे तीन गुण यांचा दाखला देतो, कालीचं नाव घेतो. माया करणारी आणि भीती घालणारी आई एकच, हा त्याचा मुद्दा.

हे कळायला आपल्याला ग्रीसला जायची तरी काय गरज? पाचवीला पाटा-वरवंटा पुजून, कोरा कागद आणि लेखणी ठेवून ज्या सटवाईला बाळाचं नशीब लिहायला बोलावतात, तीच बाळाला नेईल या धास्तीने बायका त्या रात्री जागतात. आमच्या आज्यांना तिला ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ या रकान्यात टाकायची घाई नव्हती.

पुढच्या नवरात्रात प्रश्नावली छापणारच असाल, तर शेजारी त्या देवीची गोष्ट पूर्ण छापा, विस्तवासकट आणि दुष्काळासकट. जागा कमी पडली तर प्रश्न कमी करा.

आपली,
एक नियमित वाचक, कराड