दीड हजार तास झाले, पण कसले?

मा. संपादक साहेब,

पायलट कमी पडतायत असा विषय निघाला की अमेरिकेतला १५०० तासांचा नियम, म्हणजे एअरलाइनमधे बसायच्या आधी पायलटचे साधारण तेवढे तास उड्डाण झालेलं हवं, तो ढिला करा अशी मागणी सुरू होते, आणि दुसरी बाजू म्हणते एक तासही कमी करायचा नाही. दोघंही नुसत्या आकड्यावर अडून बसलेत असं मला वाटतं.

हा नियम आला कुठून? १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअर या कंपनीचं विमान एका घरावर कोसळलं, विमानातले ४९ आणि घरातला एक असे ५० जण गेले. त्यांच्या घरच्यांनी पिच्छा पुरवला म्हणून २०१० मधे कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १५०० तास लागायला लागले, आधी २५० तासांच्या लायसन्सवर त्या सीटवर बसता यायचं. पण त्या विमानातल्या दोघांचेही तास १५०० च्या वर होते हो! कॅप्टनचे तर ३००० च्या वर. स्पीड घसरला, स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा) हातात थरथरायला लागली, म्हणजे नाक खाली कर असा इशारा होता, आणि त्याने स्टिक मागे ओढली. तो आधी उड्डाणाच्या काही परीक्षांमधे नापास झालेला, त्यातलं काही कंपनीला माहीतही नव्हतं. को-पायलट बिचारी सिएटलहून रात्रभर प्रवास करून ड्युटीवर आलेली.

आता नवी मुलं हे तास भरतात कसे तर बरेचदा इन्स्ट्रक्टर होऊन, एका इंजिनच्या छोट्या विमानात, चांगली हवा बघून, त्याच धावपट्टीभोवती चकरा. त्यातूनही शिकायला मिळतं, दुसऱ्याची चूक वेळेत पकडायची सवय लागते, ते मी नाकारत नाही. पण बर्फाच्या ढगात दोघांनी मिळून मोठं विमान सांभाळणं त्यातून येत नाही. कायद्यालाही हे मान्यच आहे की, म्हणून तर सैन्यातल्या पायलटला ७५० आणि एव्हिएशनची चार वर्षांची डिग्री असेल तर १००० तास चालतात. युरोपात २०० च्या आसपास तासांवर मुलं एअरलाइनमधे बसतात, पण त्यांना आधी दोघांनी मिळून विमान चालवायचं वेगळं ट्रेनिंग दिलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं, १५०० ला हात लावायचाच असेल तर आधी सिम्युलेटरमधे पूर्ण स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटून विमान खाली जायला लागणं, पुन्हा पुन्हा करून घ्या, अचानक, न सांगता, स्टिक पुढे ढकलायला हात आपोआप जाईपर्यंत. आणि नापास झाल्याचा सगळा रेकॉर्ड भरती करणाऱ्याने नीट वाचलाच पाहिजे. हे होत नाही तोवर एक तासही कमी करू नका.

आपला,
एक वाचक