पेंटरमामांस, एका फ्लेक्सवालीकडून

प्रिय पेंटरमामा,

शि. सा. नमस्कार.

पत्र खुलं लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले तर तुम्ही "चहा घे आणि कामाला लाग" म्हणून वाटेला लावाल. शिवाय हल्ली बरीच मुलं विचारतात, ताई, फ्रीलान्स लेटरिंगमध्ये, म्हणजे हातानं अक्षरं काढून द्यायच्या कामात, कशा आलात? त्या उत्तरातलं निम्मं तुमचंच असतं. ते एकदा सगळ्यांदेखत सांगते.

मी कॉमर्सची. आधी करसल्लागाराच्या ऑफिसात चलनं भरली, मग कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका दुकानात फ्लेक्सचं डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकुराची मांडणी, केलं. यात ठरवलेलं काहीच नव्हतं, घराजवळ जी नोकरी मिळाली ती धरली. फ्लेक्स आला आणि तुमचे हातानं रंगवलेले बोर्ड गेले. मग २०१९ पासून नवी गाडी शोरूममधूनच हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावून यायला लागली आणि रोजचं चहापाणी सुटणारं नंबर रंगवायचं कामही आटलं. तरी एखादं गिऱ्हाईक फ्लेक्सच पाहिजे म्हणून अडून बसलं की तुम्ही त्याला स्वतः आमच्या दुकानात आणून सोडायचात. तेव्हा मला याचं नवल वाटलं नव्हतं. आता वाटतं.

कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करत होते, तेव्हा तुम्ही माझ्या खुर्चीमागून म्हणालात, "अक्षरं बघ, एसटीत उभारल्यागत उभारल्यात. जरा हवा सोड की." मला राग आला. फाँट आहे तसाच येतो, मी काय करू, असं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "मग फाँट नको वापरू."

त्यानंतरचे रविवार तुमच्या दुकानात गेले. जुन्या पत्र्यावर रेड ऑक्साईड, त्यावर खडूच्या दोरीनं मारलेली सरळ रेघ, मनगटाखाली काठी, आणि ब्रश उचलायच्या आधी डोळे बारीक करून नुसतं बघत बसणं. अक्षरापेक्षा त्याच्या पोटातली आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा आधी बघायची, हे तुम्ही शिकवलंत. "ख"चे दोन तुकडे सुटे पडले की लोक "रव" वाचतात आणि खत भांडाराचं रवत भांडार होतं, हे कुठल्याही सॉफ्टवेअरनं मला सांगितलं नव्हतं. "ल" पाकळीचा आणि "श" देठाचा, यावर तर तुम्ही हटूनच असायचात. राज्य सरकारनं नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयात हीच दोन वळणं मराठीसाठी ठरवून दिली. तुमच्या बोर्डांवर ती त्याच्या कितीतरी आधीपासून होती. संगणकावर मात्र अजूनही पुष्कळदा हिंदी वळणाचा ल-श येतो आणि कुणाला काही वाटत नाही. पुढे पुण्याच्या एका प्रकाशकानं मुखपृष्ठाचं काम दिलं, ते नमुन्यातले हे दोन वळसे बघूनच.

पण खरं सांगू? अक्षर मला आणखीही कुणी शिकवलं असतं. पैसे मागायला तुम्ही शिकवलंत. सगळे सांगतात, आवडीचं काम करा, पैसा मागून येतो. तुम्ही विचारलंत, घरभाडं किती, आईची औषधं किती, ब्रश-कागदाला किती? ते जुन्या कॅलेंडरच्या मागं लिहायला लावलंत आणि म्हणालात, एवढे महिन्याला सुटत नाहीत तोवर नोकरी सोडायची नाही. निम्मे पैसे आगाऊ. दुरुस्त्या किती करून देणार ते आधी कागदावर. ओळखीत काम घ्यायचं, ओळखीत भाव पाडायचा नाही.

आणि पहिलं गिऱ्हाईक तुमचंच! गूळवाल्या शेठना बॉक्सवरचं नाव हातानं लिहून हवं होतं. माझ्या तोंडून आकडा निघेना, तर तुम्ही माझ्या वतीनं असा आकडा सांगितलात की मीच दचकले. शेठनी मुकाट दिले. मी तुमचा वाटा द्यायला आले तर "मी काय दलाल हाय व्हय?" म्हणून ओरडलात.

तिथून लग्नपत्रिका, दिवाळी अंकांचे मथळे, पुस्तकांची शीर्षकं. मध्ये कोरडे महिने गेले, ते सगळ्यांचेच जातात. करसल्लागाराकडची वर्षं वाया गेली असं मी म्हणायची, पण मानधनातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो आणि कर तेवढा बसत नसेल तर तो रिटर्न भरून परत मिळवता येतो, हे माहीत नसलेले कलाकार भेटतात तेव्हा त्या चलनांची आठवण येते. आता त्यांचे फॉर्म मीच भरून देते. फुकट नाही.

तर मुद्द्याचं. राधानगरी रस्त्यावरच्या एका शाळेला भिंतींवर बाराखडी रंगवून हवी आहे, मोठ्या अक्षरात, ऑइल पेंटमध्ये. मी कागदावर आणि स्क्रीनवर काम करणारी, भिंत माझ्या एकटीच्या आवाक्यातली नाही. तुम्ही सोबत असाल तरच घेते असं कळवलंय. भाव चौरस फुटावर लावलाय, निम्मे पैसे आगाऊ आलेत आणि त्यातले तुमचे पाकिटात घालून ठेवलेत. शिडी शाळेची, रंग आपले. "ल" आणि "श" तुम्ही काढायचे. पावसाच्या आत उरकायचंय, म्हणून या आठवड्यात फोन करा.

तुमची भाची