पटावरची सहा नावे

नाशिक

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आयटीआयमधल्या फिटरच्या तुकडीत विसापैकी चौदाच मुले वर्गात दिसतात आणि उरलेली सहा नावे कमी करावीत असे तुला सांगण्यात आले आहे, हे तुझ्या पत्रातून कळले. एकतीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय) टर्नर, म्हणजे लेथवरच्या कामाचा व्यवसाय (अभ्यासक्रम), शिकवल्यावर मी एवढे सांगतो की, नाव कमी करण्यापूर्वी ते मूल कोणत्या घरातून आले आणि सध्या कुठे आहे, याची चौकशी तू स्वतः करावीस.

सुरगाणा आणि पेठ भागातल्या जमिनीत भात, नागली, वरई असे पावसावरचे एकच पीक येते. द्राक्षाची छाटणी सुरू झाली की तिथली कुटुंबेच्या कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला उतरतात, आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा घरच्यांच्या हिशेबात पूर्ण मजूर असतो. त्याने शिक्षण सोडलेले नसते, पण हजेरीपटावर मात्र लागोपाठ गैरहजेरी लागत जाते. आयटीआयच्या शेवटच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते, हे त्याच्या आईवडिलांना बहुधा कोणी समजावून सांगितलेलेच नसते. प्रवेशाच्या वेळीही असेच होते. भातलावणीच्या दिवसांत प्रवेशफेरीचा संदेश मोबाइलवर येतो, पाड्यावर रेंज नसते, आणि मुदत टळून मिळालेली जागा हातची जाते.

पट नुसता मोजू नकोस, व्यवसायनिहाय वाचून पाहा. वेल्डर आणि वायरमन या व्यवसायांना आठवी उत्तीर्ण चालते, म्हणून दहावीत अडखळलेली मुले तिकडे अधिक दिसतील. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असूनही फिटर-टर्नरच्या कार्यशाळेत त्या मोजक्याच असतात, कारण घरचे त्यांना शिवणकामाकडे किंवा कोपा या संगणकाच्या अभ्यासक्रमाकडे वळवतात. माझ्या तुकडीत एकदा एकच मुलगी होती. मापन तिचे सर्वांत अचूक होते, तरी मुक्कामाची सोय नसल्याने दुसऱ्या वर्षी ती आली नाही. तेव्हा मी तिच्या घरी गेलो नाही, याची खंत मला आजही आहे.

म्हणून प्राचार्यांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घे, प्रत्येकाची हजेरी किती भरली आणि किती दिवस अजून हाताशी आहेत ते कागदावर मांड, आणि तो हिशेब पालकांना त्यांच्या बोलीत समजेल असा सांग. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते, हेही त्यांच्या कानावर घाल, कारण आजची मजुरी सोडायची तर पुढे काय मिळणार हे त्यांना कळायला हवे.

त्या सहांपैकी कोणी दिंडोरीकडच्या बागेत असेल तर गाव आणि मळेवाल्याचे नाव कळव. रविवारी सकाळच्या एसटीने मी जाऊन भेटून येईन.

तुझे,
बाबा